मेंडोलिन शिकताना: आधी घोडी, मग सा, मग साथ

भजनी मंडळात किंवा सोसायटीच्या गणपतीत लोकगीतांना साथ करायची हौस असेल, तर मेंडोलिन फार सोयीचं वाद्य आहे. ते लहान आहे, टाळ-ढोलकीतूनही त्याचा आवाज वर येतो आणि पेटीवर सूर ओळखता येणाऱ्याला स्वर पटकन सापडतात. तरीही हौसेने घेतलेली अनेक मेंडोलिनं कपाटावर जाऊन बसतात. बोटं दुखतात, सूर लागत नाही, आणि दोष आपल्या हाताचा वाटतो. बहुतेक वेळा तो वाद्याच्या जोडणीचा असतो.

पुण्याच्या लक्ष्मी रस्ता, बुधवार पेठ भागातल्या दुकानांत पाहायला जाताना मोजपट्टी आणि सूर दाखवणारा क्लिपचा ट्यूनर सोबत न्या. थेंबाच्या आकाराचं, सपाट पाठीचं वाद्य निवडा. गोल पाठीचं मांडीवरून घसरतं, आणि वेलबुट्टीच्या खांद्याचे पैसे नवशिक्याने मोजू नयेत. बाराव्या पडद्यावर (पडदा म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) तार किती उंच आहे ते मोजा: दीड ते दोन मिलिमीटर ठीक, तीन असेल तर बोटं सोलवटतील. घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पुलाच्या, दोन चाकांनी उंची कमी करता येते. चाकं फिरवण्याआधी तारा थोड्या सैल करा, नाहीतर आटे झिजतात. मग तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यांच्या मधे दाबून पहिल्या पडद्याकडे पाहा. तिथे केसाएवढी फट हवी. जास्त असेल तर नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा खोल करून घ्याव्या लागतील, आणि ते काम कारागिराचंच.

मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी राहते. म्हणून ती सरकते आणि वरच्या पडद्यांवर सगळं बेसूर वाजतं. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून येणारा स्वर ऐका, मग त्याच पडद्यावर तार दाबून वाजवा. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी टेलपीसकडे (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात तिकडे) किंचित सरकवा, उतरा असेल तर मानेकडे. जागा सापडली की पायाशी कागदी टेप लावून पेन्सिलीने खूण करा. तारा बदलताना एकेकच बदला. सगळ्या एकदम काढल्या की घोडी पडते आणि ही सारी मेहनत पुन्हा.

आठ तारा चार जोड्यांत असतात. खालच्या स्वराकडून वर जी, डी, ए, ई, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. जोडीतली एक तार ट्यूनरवर लावा आणि दुसरी तिच्याशी कानाने जुळवा. दोन्ही एकत्र छेडल्यावर आवाज हेलकावतो. हेलकावे मंदावत थांबले की जोडी जुळली. स्वर नेहमी खालून वर चढवत आणा, कारण वरून उतरवला की खुंटीतली ढील तशीच राहते आणि दोन मिनिटांत तार उतरते. ताण देताना ‘टिक्’ असा आवाज आला तर तार नटमध्ये अडकते आहे, खाचेत मऊ पेन्सिल घासा. मंडळात मात्र ट्यूनरपेक्षा पेटी मोठी. पेटीची पांढरी सहा दाबून ट्यूनर काय दाखवतो ते पाहा आणि त्याचा ४४० चा आकडा (पांढरी सहाची कंपनसंख्या) त्याप्रमाणे बदला.

सुरुवात पांढरी दोनच्या ‘सा’ने करा. डीची मोकळी जोडी सा, तिच्यावर दुसरा पडदा रे, चौथा ग, पाचवा म. एची मोकळी जोडी प, दुसरा ध, चौथा नी, पाचवा तार सा. दुसऱ्या पडद्यावर तर्जनी, चौथ्यावर मधलं बोट, पाचव्यावर अनामिका. म आणि नी गाळले की भूपाची सरगम तयार: ०, २, ४ आणि पुढच्या जोडीवर ०, २, ५. बोट पडद्याच्या लगत मागे ठेवा. दोन पडद्यांच्या मधोमध ठेवलं तर जोर जास्त लागतो आणि तार खरखरते.

गायकाची पट्टी काळी एक निघाली तर घाबरू नका. जीच्या जोडीवर सहावा पडदा सा, मग ८, १०, ११. पुढच्या जोडीवर पुन्हा ६ वर प, मग ८, १०, ११. हीच चौकट तिसऱ्या पडद्यापासून धरली की काळी पाच. सगळ्या जोड्यांमध्ये सा-पचंच अंतर असल्यामुळे चौकट बदलत नाही.

पिक जाड घ्या, एक ते दीड मिलिमीटर. गिटारचं पातळ पिक जोडतारांवर फडफडतं. मनगट सैल ठेवा आणि पिकाचा घाव दोन्ही तारांवर एकदम बसू द्या. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून प्रत्येक ठोक्याला चार घाव द्या, खाली-वर-खाली-वर. कोपर ताठरलं की वेग कमी करा. ९०च्या पुढे हेच घाव सलग ऐकू येऊ लागतात आणि लांब स्वर धरता येतो. चित्रपट संगीतकार आणि मेंडोलिनवादक सज्जाद हुसेन यांचं वादन यासाठी जरूर ऐका. कर्नाटक संगीत वाजवणाऱ्या यू. श्रीनिवास यांचं वाद्य विजेवरचं आणि एकेरी तारांचं होतं, त्यामुळे त्यांच्यासारखी मींड जोडतारांवर न आल्यास निराश होऊ नका.

कोळीगीताच्या सहा मात्रांना खाली-वर-खाली, खाली-वर-खाली असे घाव द्या. सरळ आलटून-पालटून वाजवलं तर चौथ्या मात्रेवर वरचा घाव येतो आणि ठेका लुळा पडतो. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांना आलटून-पालटून चालतं.

साथीत कॉर्डचा मोह टाळा. मेजर कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असतो, आणि चाल कोमल गंधाराची असेल तर तो कानाला टोचतो. पांढरी दोनमध्ये जीवर दुसरा पडदा दाबून जी, डी, ए या तीन जोड्या छेडा. प, सा, प एवढंच वाजतं आणि ते सा-पवर उभ्या असलेल्या कुठल्याही चालीला शोभतं. ओळ चालू असताना हाच आधार द्या; चाल वाजवायची ती दोन कडव्यांच्या मधे.

एप्रिल-मेच्या दुपारी वाद्य गाडीत ठेवू नका, डिंक सुटतो. पावसाळ्यात लाकूड फुगून तारांची उंची बदलते, म्हणून जूनअखेर आणि पुन्हा दिवाळीनंतर बारावा पडदा मोजा. वाजवून झाल्यावर सुती फडकं तारांच्या खालूनही फिरवा. तारांचा नवीन संच १० ते ३४चा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) हलका घ्या आणि ईची एक तार जास्तीची ठेवा. सगळ्यात आधी तीच तुटते.