माशाचा स्नायू हलेना? चॅनलवर खापर फोडण्याआधी या चुका टाळा

प्रयोगशाळेतल्या झेब्राफिश या छोट्या माशाचं पिल्लू हललं नाही, की नव्या विद्यार्थ्याचा निष्कर्ष तयार: चॅनल, म्हणजे पेशीच्या पटलातलं आयनांचं दार, बंद पडलं. अहो, चेतापेशीपासून मायोसिनपर्यंत (स्नायू आकुंचवणाऱ्या प्रथिनापर्यंत) साखळी लांब आहे. आधी तुटलेली कडी तरी शोधा!

सर्वांत जुनी चूक ट्रायकेनची. पिल्लाला गुंगी आणायला आपण जे वापरतो, ते व्होल्टेजवर उघडणारी सोडियम चॅनलच अडवतं. त्याच पाण्यात पिल्लू ठेवून आकुंचन मोजायचं म्हणजे काय? शिवाय ते आम्लधर्मी असतं, ट्रिस (आम्लता सांभाळणारं बफर) घालून पीएच ७ च्या आसपास आणावाच लागतो. धुऊन झाल्यावर टोचल्याबरोबर पिल्लू पळालं, तरच मी पुढे जाते. घाईत असलेल्यांना हा थांबा नकोसा वाटतो.

दुसरी चूक हृदयाचा नियम शेपटीला लावण्याची. एका विद्यार्थ्याने पिल्लाची कातडी सोलली, कॅल्शियमविरहित द्रावण सोडलं आणि मज्जारज्जूला विजेचा झटका दिला. शेपटी ढिम्म. ‘स्नायूला बाहेरचं कॅल्शियम लागतं’ असं ठळक शीर्षक टाकून ग्राफही तयार! हृदयाच्या बाबतीत ते खरं आहे. पण शेपटीसारख्या कंकालस्नायूत व्होल्टेज ओळखणारं डीएचपीआर हे पटलातलं प्रथिन रायनोडाइन रिसेप्टरला, म्हणजे कॅल्शियमच्या साठ्याच्या दाराला, थेट ढकलतं आणि कॅल्शियम पेशीतल्याच साठ्यातून सुटतं. झेब्राफिशच्या डीएचपीआरमधून तर कॅल्शियम आत येतच नाही, हे २०१० साली दाखवलं गेलंय. मग शेपटी का थांबली? कारण चेतातंतूच्या टोकाला अॅसिटिलकोलिन हे स्नायूला निरोप देणारं रसायन सोडायला बाहेरचं कॅल्शियम लागतं. स्नायू ठणठणीत होता, त्याला निरोपच पोचत नव्हता. त्याच द्रावणात क्युरारे (चेतातंतूचा निरोप स्नायूपाशी अडवणारं विष) घालून स्नायूलाच झटका द्यायला लावलं, तर शेपटी उडाली. पोराचा चेहरा उतरला, पण पुढचे कित्येक महिने वाचले.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी मज्जारज्जूला झटका, मग क्युरारे घालून थेट स्नायूला, आणि शेवटी कॅफीन. कॅफीन रायनोडाइन रिसेप्टर स्वतःच उघडतं, त्यामुळे साठा आणि आकुंचनाची यंत्रणा शाबूत आहे का ते कळतं. ‘रिलॅक्स्ड’ नावाचं उत्परिवर्ती पिल्लू आठवा: डीएचपीआरचा बीटा-१ए घटक नसल्यामुळे ते लुळं पडतं, चेतातंतूचा संदेश पोचत असूनही. नुसतं बघून तुम्ही नर्व्हवर खापर फोडलं असतं. आणि हो, कॅल्शियम काढलंत तर त्याच्या जागी मॅग्नेशियम घाला. नुसतं काढून टाकणं हा शॉर्टकट आहे. पेशीचं पटल अस्थिर होतं आणि नवीच भानगड उभी राहते.

बाकीच्या चुका थोडक्यात. हालचाल थांबवायला ब्लेबिस्टॅटिन (मायोसिन अडवणारं औषध) घालून निळ्या प्रकाशाखाली फोटो काढू नका, त्या प्रकाशात ते निकामी होतं आणि पेशींना विषारीही ठरतं. वय घड्याळावरून ठरवू नका. फलनानंतर साधारण १७ तासांना पहिली वळवळ, २१ ला स्पर्शाला प्रतिसाद आणि २७ ला पोहणं हे २८.५ अंशांवरचं वेळापत्रक आहे, एसीच्या गारठ्यात ते मागे पडतं. वरच्या थरातले मंद तंतू आणि आतले जलद तंतू एकाच सरासरीत कोंबू नका. आणि फ्लुरोसन्स बघायचा असेल, तर पिल्लांच्या पाण्यातलं मिथिलीन ब्लू (बुरशी रोखणारा, पण स्वतःच चमकणारा रंग) आदल्या दिवशीच काढा.