टेराफॉर्मचा मॉड्यूल लिहिताना काय द्यायचं नाही: क्लाउडमध्ये येऊ पाहणाऱ्या कोल्हापूरच्या पोरांसाठी

शेवटचं सेमिस्टर आलं की विद्यापीठातली, केआयटी कॉलेजातली, इचलकरंजीची पोरं मेसेज करायला लागतात. प्रश्न ठरलेला: ‘दादा, क्लाउडमध्ये जायचंय, कुठलं सर्टिफिकेशन करू?’ करा की, त्यानं बायोडाटा एचआरच्या चाळणीतून पुढं सरकतो. पण मुलाखत घ्यायला मी बसलो असेन तर आधी तुमचं गिटहब, म्हणजे कोड ठेवायची जागा, उघडतो. तुम्ही स्वतः लिहिलेला आणि दुसऱ्या कुणाला जसाच्या तसा वापरता येईल असा एक तरी मॉड्यूल त्यात आहे का, एवढंच बघतो. शंभरातले नव्वद बायोडाटे ‘टेराफॉर्म (क्लाउडमधली यंत्रणा फाइलीत लिहून उभी करायचं टूल) येतं’ म्हणतात आणि रेपोमध्ये असतं ट्युटोरियल बघून चढवलेलं एक ईसीटू मशीन, म्हणजे क्लाउडमधला एक सर्व्हर.

कोल्हापुरात बसून असलं काम मिळतं का, हा पुण्यातल्या मित्रांचा आवडता प्रश्न. मिळतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं. तळमजल्यावर सर्व्हर ठेवणाऱ्या इथल्या मालकांना त्यानंतर क्लाउड म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. ते थेट विचारतात, महिन्याला किती पडेल आणि आमची ड्रॉइंग दुसऱ्या कुणाला दिसणार नाहीत ना. यातला दुसरा प्रश्न आपल्या पोटापाण्याचा आहे.

आता मॉड्यूल म्हणजे काय. ॲमेझॉनच्या क्लाउडचं, म्हणजे एडब्ल्यूएसचं, क्लाउडफॉर्मेशन २०११ मध्ये आलं, हॅशीकॉर्पचं टेराफॉर्म २०१४ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरवाले बायसेप वापरतात. सगळ्यांत कल्पना एकच: सर्व्हर, स्टोरेज, नेटवर्क हे कन्सोलवर क्लिक करत न बसता फाइलीत लिहायचं आणि तीच फाइल पुन्हा पुन्हा वापरायची. उद्यमनगरात, फाउंड्र्यांच्या वस्तीत, वाढलेल्याला हे लगेच कळतं. एखादं कास्टिंग बिघडलं तर ते भट्टीत परत जातं, पण पॅटर्नच (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) चुकला असेल तर त्यावरून निघालेला अख्खा लॉट रिजेक्ट. मॉड्यूल हा आपला पॅटर्न.

सुरुवात टेराफॉर्मनं करा. २०२३ मध्ये हॅशीकॉर्पनं लायसन्स बदललं आणि त्यातून ओपनटोफू हा वेगळा प्रकल्प निघाला, त्यावर इंटरनेटवर बरीच भांडणं वाचायला मिळतील. शिकणाऱ्यानं त्यात पडू नये. भाषा तीच आहे, एक आलं की दुसरं येतं.

पहिला मॉड्यूल एस-थ्री बकेटचा, म्हणजे एडब्ल्यूएसवर फाइली ठेवायच्या जागेचा, लिहा. दिसायला सोपा, पण सगळी मेख त्यातच आहे. समजा शिरोलीतल्या एका एक्स्पोर्टरला परदेशी गिऱ्हाइकांची ड्रॉइंग ठेवायची आहेत. बकेट उभी करणं हे चार ओळींचं काम. पब्लिक ॲक्सेस अडवणाऱ्या चारही सेटिंग चालू, व्हर्जनिंग (फाइलीच्या जुन्या आवृत्त्या जपणं) चालू, केएमएसच्या (एडब्ल्यूएसच्या चाव्या सांभाळणाऱ्या सेवेच्या) चावीनं एन्क्रिप्शन, कुणी काय उघडलं याचे लॉग वेगळ्या बकेटमध्ये, आणि एचटीटीपीएस सोडून आलेली प्रत्येक रिक्वेस्ट नाकारणारी पॉलिसी. हे सगळं मॉड्यूलच्या पोटात गेलं पाहिजे. वापरणाऱ्याला बाहेरून द्यायला काय उरतं? बकेटचं नाव, मालक कोण याचा टॅग आणि जुन्या आवृत्त्या किती दिवस ठेवायच्या तो आकडा. बास.

इथंच नव्यांचा आणि माझा वाद होतो. आमच्याकडं नवीन लागलेल्या एका मुलीनं मॉड्यूल दाखवला, व्हेरिएबलची, म्हणजे बाहेरून द्यायच्या पर्यायांची, फाइल मॉड्यूलपेक्षा लांब. एन्क्रिप्शन हवं की नको, पब्लिक करायचं की नाही, व्हर्जनिंग चालू की बंद, सगळ्याला बटण.
‘एवढी बटणं कशाला गं?’
‘दादा, फ्लेक्झिबल असावं म्हणून.’
‘पब्लिकचं बटण कोण दाबणार?’
‘गरज असेल तो.’
‘गरज शुक्रवारी संध्याकाळी सहाला लागते. तेव्हा दाबतील आणि सोमवारी विसरतील.’
तिनं ते काढलं. ज्याला खरोखर पब्लिक वेबसाइट ठेवायची आहे त्याच्यासाठी वेगळ्या नावाचा वेगळा मॉड्यूल लिहिला, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याला नुसतं नाव वाचून कळतं की इथं थांबून बघायला हवं. माझ्या मते सुरक्षित मॉड्यूल लिहिण्यातलं निम्मं कौशल्य हेच, कुठला पर्याय द्यायचाच नाही ते ठरवणं.

चुणचुणीत पोरं यावर एक प्रश्न काढतात. जानेवारी २०२३ पासून एस-थ्री प्रत्येक नवीन फाइल आपोआप एन्क्रिप्ट करतं, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून नव्या बकेटचा पब्लिक ॲक्सेस मुळातच बंद असतो. मग लिहायचं कशाला? कारण कन्सोलमध्ये कुणीही ते हातानं उघडू शकतं. फाइलीत लिहिलेलं असेल तर पुढचा प्लॅन, म्हणजे काय बदलणार ते आधी दाखवणारी टेराफॉर्मची कमांड, चालवल्यावर फरक समोर येतो. लिहिलेलंच नसेल तर टेराफॉर्मला त्याचं काही देणंघेणं नसतं.

आता प्लॅन. अप्लाय (बदल लागू) करायला सगळ्यांना येतं, प्लॅन वाचायला फार थोड्यांना. अधिक म्हणजे नवीन, उणे म्हणजे जाणार, नागमोडी रेघ म्हणजे जागेवर बदल, आणि उणे-अधिक एकत्र दिसलं की हात आवरायचा, कारण आहे ते पाडून नवीन बांधलं जाणार आहे. एक उदाहरण घरी करून बघा. डिझाइन, क्वालिटी, डिस्पॅच अशा तीन नावांची यादी घ्या आणि काउंट (एकाच गोष्टीच्या अनेक प्रती काढायची सोय, मोजणी शून्यापासून) वापरून तीन बकेट बनवा. मग यादीतलं पहिलं नाव, डिझाइन, काढा आणि प्लॅन चालवा. तुम्हाला वाटतं एक बकेट जाईल. प्लॅन सांगतो की शून्य आणि एक नंबरच्या बकेट पाडून पुन्हा बांधायच्या आणि दोन नंबरची काढून टाकायची. काउंट नावानं ओळखत नाही, रांगेतल्या नंबरानं ओळखतो, त्यामुळं एक नाव गळलं की मागचे सगळे पुढं सरकतात. तेच फॉर-ईच (प्रत्येक प्रत नावानं ओळखणारी सोय) वापरून केलं तर एकच उणे दिसतं. बकेटमध्ये फाइली असतील तर एडब्ल्यूएस ती पुसू देत नाही, तेवढा आधार आहे. पण फोर्स डिस्ट्रॉय (आत फाइली असल्या तरी बकेट पुसायची मुभा) चालू ठेवलं असेल तर तोही गेला. म्हणून हे बटणसुद्धा मॉड्यूलबाहेर द्यायचं नाही.

प्रिव्हेंट डिस्ट्रॉय (हे पाडू नको असं टेराफॉर्मला सांगणारी ओळ) लिहिलं की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. फाइलीतून त्या बकेटचा किंवा डेटाबेसचा अख्खा ब्लॉकच काढून टाकला तर त्यातली ती ओळही जाते आणि टेराफॉर्मला अडवायला कुणी उरत नाही. डेटाबेससाठी आरडीएसचं (एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेचं) स्वतःचं डिलीशन प्रोटेक्शन चालू ठेवा. ते क्लाउडच्या बाजूला असतं.

स्टेट फाइलबद्दल कोर्समध्ये घाईत सांगतात. टेराफॉर्मनं काय काय बांधलंय याची नोंद तिच्यात असते, आणि डेटाबेसचा पासवर्ड मॉड्यूलमधून गेला असेल तर तोही साध्या अक्षरांत तिथं पडलेला असतो. व्हेरिएबलला सेन्सिटिव्ह म्हटलं की फक्त स्क्रीनवर दिसणं थांबतं. तेव्हा स्टेट गिटमध्ये चढवायची नाही. ती वेगळ्या बकेटमध्ये, व्हर्जनिंगसह, मोजक्या लोकांच्या हातात ठेवायची. जुन्या व्हिडिओत लॉकसाठी, म्हणजे दोघांनी एकाच वेळी स्टेट बदलू नये म्हणून, डायनॅमो डीबी या डेटाबेसचं टेबल बनवायला सांगतात. टेराफॉर्म १.१० पासून एस-थ्रीमध्येच लॉक करायची सोय आली आहे, नवीन शिकताना तीच घ्या.

सर्व्हरचा मॉड्यूल दुसरा. त्यात बावीस नंबरचा पोर्ट (सर्व्हरवर लांबून लॉगिन करायचं दार) ०.०.०.०/० ला, म्हणजे अख्ख्या जगाला उघडा असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. एडब्ल्यूएसचा सेशन मॅनेजर वापरून लॉगिन केलं तर तो पोर्ट लागतच नाही. दुसरी गोष्ट मेटाडेटा सेवेची, म्हणजे सर्व्हरला त्याच्या स्वतःबद्दलची माहिती आणि चाव्या आतून पुरवणाऱ्या सेवेची. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेचा डेटा गेला. नीट न बसवलेल्या फायरवॉलकडून हल्लेखोर बाईनं मेटाडेटा सेवेला विचारणा करवून घेतली आणि सर्व्हरच्या रोलच्या (त्याला दिलेल्या परवानग्यांच्या) तात्पुरत्या चाव्या मिळवल्या. त्या रोलला बकेट वाचायची मुभा होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडब्ल्यूएसनं त्या सेवेची टोकन मागणारी दुसरी आवृत्ती आणली. मॉड्यूलमध्ये ते टोकन सक्तीचं करायला एक ओळ लागते. रोलला किती मुभा द्यायची हे ठरवायला मात्र डोकं लागतं, आणि तिथं तारांकन (*, म्हणजे सगळ्याची मुभा) टाकून मोकळं व्हायची सवय लवकर मोडलेली बरी.

रीजन, म्हणजे एडब्ल्यूएसची डेटा सेंटर ज्या भागात आहेत तो, कुठला हेही मॉड्यूलनं तपासावं. मुंबई २०१६ पासून आहे, हैदराबाद २०२२ मध्ये आलं. व्हॅलिडेशन ब्लॉकमध्ये (दिलेली किंमत तपासणाऱ्या भागात) ही दोनच नावं ठेवली की सराव करता करता कुणी व्हर्जिनियात काहीतरी उभं करून विसरत नाही.

चेकोव्ह किंवा ट्रिव्ही हे मॉड्यूलमधल्या चुका तपासणारे टूल फुकट आहेत, पुल रिक्वेस्टला (बदल रिव्ह्यूला पाठवायच्या पायरीला) जोडून टाका. त्यांचा एखादा इशारा बाजूला सारायचा असेल तर शेजारी कारण लिहा. आणि मॉड्यूलला आवृत्तीचा टॅग द्या. वापरणाऱ्यानं थेट मेन ब्रँचवरून (जिथं तुमचे ताजे बदल येतात) उचलला तर तुमच्या मंगळवारच्या बदलानं त्याचं बुधवारचं काम अडतं.

पैशाचं बघून. सराव सुरू करायच्या आधी बजेट अलर्ट लावा. नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरना इंटरनेटवर जाऊ देणारी वाट) तासावर पैसे घेतो, त्यातून काही जावो न जावो. केएमएसची चावी महिन्याला एक डॉलर. संध्याकाळी डिस्ट्रॉय (बांधलेलं सगळं पाडणारी कमांड) चालवलं तरी चावी लगेच जात नाही, तिला ७ ते ३० दिवसांची मुदत असते, तेव्हा कन्सोलमध्ये ती दिसली म्हणून घाबरू नका. बाकी काही उरलंय का ते बिलाच्या पानावर दुसऱ्या दिवशी बघा.

रीडमी, म्हणजे मॉड्यूलसोबतचं माहितीपत्रक, मराठीत सुचत असेल तर मराठीत लिहून काढा, मग इंग्रजी करा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, मी कुणाला त्यावरून नाकारलेलं नाही. त्यात हा मॉड्यूल काय करू देत नाही आणि का, हा भाग आधी यावा, कसा चालवायचा ते नंतर. मुलाखतीत मी त्यातलाच एखादा व्हेरिएबल पकडून विचारतो, हा का ठेवलास? ‘ट्युटोरियलमध्ये होता’ हे उत्तर मी बरेचदा ऐकलंय. ‘टेस्टिंगच्या बकेटला ९० दिवस परवडत नाहीत, म्हणून दिवस बदलता येतात, पण सातच्या खाली जाऊ देत नाही’ असं म्हणणारा भेटला की सर्टिफिकेशनचा रकाना वाचायचा राहून जातो.