व्यायामानंतर चेहऱ्यावर मुरूम येत असतील तर

तिशी-चाळिशीत पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर धावायला किंवा जिमला जायला लागलं की काहींच्या कपाळावर आणि हनुवटीवर मुरूम उठतात. खापर घामावर फुटतं, पण घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, तेवढ्याने मुरूम येत नाही. घाम, त्वचेचं तेल आणि क्रीम यांचा थर बसून राहतो, त्यावर पट्टा किंवा टॉवेल घासतो आणि रंध्रं बुजतात. गोव्याच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून इथे हा त्रास जास्त. व्यायाम सोडू नका, त्याच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तास सांभाळा.

निघण्याआधी मेकअप पूर्ण काढा. रात्री डोक्याला खोबरेल चोपडून सकाळी धावायला गेलात तर ते घामाबरोबर कपाळावर उतरतं आणि केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्या येतात. तेल लावायचंच तर न्हाण्याआधी तासभर लावा. उन्हात जाणार असाल तर सनस्क्रीन टाळू नका. जेलसारखं, एसपीएफ 30 किंवा जास्त, डब्यावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' (म्हणजे रंध्रं न बुजवणारं) लिहिलेलं घ्या. घाम टिपायचा, खसाखसा पुसायचा नाही. बाकावर अंथरलेला टॉवेल तोंडाला लावू नका, त्यासाठी वेगळा सुती नॅपकिन ठेवा.

सगळ्यात मोठी चूक होते ती परतताना. घामेजलेल्या तोंडावर हेल्मेट चढवायचं आणि स्कूटरवरून घरी यायचं. आतला स्पंज कालच्या घामाने ओला असतो, तो कपाळाला आणि गालाला दाबून बसतो; मुरूम नेमके त्याच रेषेत दिसतात. हेल्मेट तर घालायलाच हवं. म्हणून आधी साध्या पाण्याने तोंड धुवा, नळ नसेल तर बाटलीतल्या पाण्याने. आत पातळ सुती टोपी घाला आणि ती रोज बदला. अस्तर निघत असेल तर आठवड्याला सौम्य साबणाने धुवा. पावसाळ्यात ते पंख्याखाली पूर्ण वाळवा. दमट अस्तर घालण्यापेक्षा एक दिवस थांबलेलं बरं.

घरी सौम्य फेसवॉश, बोटांनी, अर्धा मिनिट. स्क्रब नको, आणि दिवसात चार-पाच वेळा धुणंही नको. त्वचा कोरडी पडून चुरचुरते आणि मग औषध सोसत नाही. रंध्रं बुजलेली असतील तर 2 टक्के सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश दिवसातून एकदा. लाल, पू धरलेले मुरूम असतील तर 2.5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड पातळ लावा, सुरुवातीला एक दिवसाआड. त्याने टॉवेल आणि उशीचे अभ्रे विटतात, पांढरे वापरा. दोन्ही एकदम सुरू करू नका, त्वचा भाजल्यासारखी होते. ॲडापॅलिन 0.1 टक्के (रंध्रं बुजू न देणारं मुरमांचं औषध) रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं. पण डॉक्टरांना विचारून, आणि गरोदरपणात अजिबात नाही. फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळून ट्यूब बदलतात, आणि तिथेच सगळं बिघडतं.

कपाळावर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या असतील, छाती-पाठीवरही असतील, तर ते बुरशीमुळे असू शकतं. त्यावर मुरमांची औषधं चालत नाहीत.

फार्मसीतून कुणी सांगितलं म्हणून स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम चेहऱ्याला लावू नका. आठवडाभर चेहरा छान दिसतो, मग मुरूम दुप्पट जोराने येतात आणि त्वचा पातळ पडते. आत गाठी दुखत असतील, खड्डे पडत असतील किंवा हनुवटीवरच्या मुरमांसोबत पाळी अनियमित असेल, तर वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातही दाखवता येतं. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि व्हे प्रोटीन घेत असाल तर त्याचा डबा बरोबर न्या. काहींचे मुरूम त्या पावडरीनेही वाढतात, आणि ते डॉक्टरांना सांगायचं राहून जातं.