गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात ग्रॅव्हल सायकल: नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातील कच्च्या वाटांसाठी मार्गदर्शन

नाशिकहून वाइनरीपर्यंत सायकलने जायचे ठरवणारे बहुतेक जण गंगापूर रस्त्याने सरळ गोवर्धनपर्यंत जातात, प्रवेशद्वारासमोर छायाचित्र काढतात आणि त्याच डांबरी रस्त्याने परततात. एवढ्यासाठी ग्रॅव्हल सायकलची, म्हणजे कच्च्या वाटांवरही चालणाऱ्या रुंद टायरच्या सायकलची, काहीही गरज नाही, साधी गिअरची सायकलही पुरते. ग्रॅव्हल सायकलचे काम सुरू होते ते डांबर सोडल्यावर. गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्याच्या कडेचा मुरमाड रस्ता, दोन बागांमधली पाणंद, शेततळ्याच्या भरावालगतची गाडीवाट आणि मध्येच कुठेतरी अंथरलेली पण कधीच न दाबलेली खडी या सगळ्यांवरून एकाच सायकलने जाता येणे, हाच तिचा खरा उपयोग आहे. मात्र या वाटा सायकलस्वारांसाठी झालेल्या नाहीत, त्या शेतीच्या कामासाठी आहेत. त्यामुळे सहलीचा बेत नकाशाइतकाच बागेचे वेळापत्रक पाहूनही आखावा लागतो.

आधी हंगामाचा विचार करावा. या भागात वेलींची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळधारणेसाठी गोडी छाटणी होते. गोडी छाटणीनंतरचे काही आठवडे पाणंदीत कापलेल्या काड्यांचे ढीग पडलेले असतात. वाळलेली काडी मागच्या चाकात शिरली, तर गिअर बदलणारा भाग तुटून हातात येऊ शकतो, म्हणून त्या दिवसांत ढिगाजवळ उतरून चालावे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला, कारण वाटा वाळलेल्या असतात आणि ऊन सोसवते. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारणपणे जानेवारी ते मार्च चालते, तेव्हा भल्या पहाटे बागेत माणसे आणि क्रेट भरलेल्या ट्रॉल्या दिसतात. पावसाळ्यात डोंगर कितीही देखणे दिसले तरी काळ्या मातीच्या वाटांवर जाऊ नये. ओली काळी माती टायर आणि चाक धरणाऱ्या चिमट्याच्या मधल्या फटीत अशी ठासून बसते की शंभर पावलांत चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

सायकलच्या तयारीत टायरला पहिला मान द्यावा. रुंदी किमान ४० मिलिमीटर असावी आणि टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) असावेत, कारण या खोऱ्यातला खरा शत्रू चढ नसून बाभळीचा काटा आहे. शेतकरी बांधावर काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात आणि त्यातले वाळलेले काटे वाटेवर विखुरतात. साध्या ट्यूबवर मी एकदा मखमलाबादच्या अलीकडे तासाभरात तीन पंक्चर काढली आहेत. ट्यूबलेसमध्ये काटा रुतलेला दिसला आणि हवा जात नसेल, तर तो घरी पोहोचेपर्यंत उपटू नये, कारण काटाच बुचाचे काम करत असतो. हवा जात असेल तर काटा काढून ते भोक जमिनीच्या बाजूला येईल असे चाक फिरवावे आणि सीलंटला (टायरमधल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाला) तिथे जमायला मिनिटभर द्यावे. आपल्याकडच्या उन्हात सीलंट लवकर वाळते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी ते पुन्हा भरावे. सत्तर किलो वजनाच्या माणसाला पुढच्या चाकात ३० ते ३२ आणि मागच्या चाकात ३४ ते ३६ पीएसआय (दाबाचे एकक) हवा पुरते. डांबरी रस्त्याच्या सवयीने टणक हवा भरली, तर खडीवर चाक उडत राहते आणि मनगटे दुखतात. गिअरबाबत फार डोके लढवू नये. पुढे ४० आणि मागे सर्वांत मोठे ४२ दात्यांचे चक्र असले की या मार्गावर कुठेही उतरावे लागत नाही.

आता मार्गाविषयी. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि पूर्वेकडे नाशिकला येते, म्हणजे सकाळी पश्चिमेकडे निघाले की आपण नदीच्या उलट दिशेने हळूहळू चढत जातो आणि दमल्यावर उताराने परततो. शिवाय जाताना सूर्य पाठीशी राहतो. सकाळी पूर्वेकडे जायचे झाले तर ऊन थेट डोळ्यांत येते आणि वाटेतला खड्डा दिसत नाही. सोमेश्वरहून गंगापूर गाव गाठावे आणि गोवर्धनवरून गंगावऱ्ह्याकडे जावे. गोवर्धनच्या सुला व्हिनयार्ड्सची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि त्यानंतर या भागातल्या अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या वाणांकडे वळून पाहिले. गंगावऱ्ह्याला यॉर्क आणि सोमा या वाइनरी आहेत. तिथून सावरगावच्या बाजूने गेल्यास डावीकडे धरणाचे पाणी सोबत राहते. मग उत्तरेला वळून गिरणारे गाठावे आणि दुगाव, मुंगसरे, मातोरी, मखमलाबाद असे करत शहरात यावे. कोणत्या पाणंदी निवडता त्यावर अंतर कमी-जास्त होईल, परंतु सुमारे ४५ किलोमीटर धरून चालावे. पाय अजून शिल्लक असतील तर गिरणाऱ्याहून धोंडेगावकडे, कश्यपी धरणाच्या बाजूला जाता येते. पश्चिमेकडे सरकावे तसा पाऊस वाढत जातो, द्राक्षबागा विरळ होतात आणि भात-नागलीची खाचरे लागतात. हा बदल अवघ्या तासाभराच्या सायकलिंगमध्ये डोळ्यांसमोर घडतो. मोटारीतून जाणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही.

धरणाकाठच्या वाटेबाबत एक इशारा द्यायला हवा. हिवाळा सरत येतो तसे पाणी मागे हटते आणि मोकळे झालेले पात्र मोठे मोहक दिसते: सपाट, भेगाळलेले, जणू फरसबंदीच. एका फेब्रुवारीत मी त्यावर सायकल घातली. पहिले पन्नास मीटर सुखाने गेले, मग वरचा पापुद्रा फुटला आणि पुढचे चाक अर्धे गाळात गेले. मी हँडलवरून पुढे पडलो आणि सायकल ओढून काढायला दोघे जण लागले. भेगांच्या कडा वर वळलेल्या असल्या आणि पायाने दाबल्यावर जमीन किंचितही हलली नाही, तरच पुढे जावे. एरवी पाण्यापासून दूर राहून गवताच्या रेषेवरूनच सायकल चालवावी.

बागेजवळून जाताना दोन प्रकारची मांडणी ओळखता आली तर प्रवासाची गोडी वाढते. खायच्या द्राक्षांच्या वेली मांडवावर किंवा वाय आकाराच्या अँगलवर चढवलेल्या असतात. घडांची विरळणी केलेली असते, मणी लांबट आणि टपोरे असतात आणि उन्हाने डागाळू नयेत म्हणून कित्येक ठिकाणी घडांना कागद गुंडाळलेला असतो. वाइनच्या वेली बहुधा उभ्या तारांवर सरळ ओळींत वाढवतात. शिराझ किंवा कॅबरने सोव्हिन्यों या काळ्या वाणांचे मणी लहान, जाड सालीचे आणि बियांचे असतात. त्यांची गोडी मात्र खायच्या द्राक्षांपेक्षा अधिक असते, कारण त्याच साखरेचे पुढे मद्य होते. हे सगळे पाणंदीवरूनच पाहावे. एक मणीही तोडू नये, आणि हे केवळ शिष्टाचारासाठी नाही. डाऊनी आणि भुरी या रोगांपासून वेली वाचवण्यासाठी वारंवार फवारणी होते आणि कालची फवारणी पानावर दिसेलच असे नाही. ट्रॅक्टरला जोडलेला ब्लोअर चालू असेल, तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबून त्याला पुढे जाऊ द्यावे. ओळीच्या टोकाला चालक दिसला की हात करून विचारले, तर तो स्वतःच दुसरी वाट दाखवतो. दादा, इकडून सायकल निघेल का, एवढे विचारायला कमीपणा वाटू नये.

पहाटे अंधारात निघण्याचा उत्साह या भागात आवरावा. उसाच्या आणि मक्याच्या शेतांलगत बिबट्याचा वावर असतो, म्हणून उजाडल्यावर आणि शक्यतो तिघा-चौघांनी मिळून निघणे बरे. वस्तीवरची कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नये. उतरून सायकल मध्ये धरावी आणि चालू लागावे, बहुतेक कुत्री आपल्या बांधापाशीच थांबतात. गिरणाऱ्याला सकाळी मजुरांची आणि पिकअप गाड्यांची बरीच गर्दी असते, तिथे वेग आवरावा.

वाइनचे म्हणाल तर ती शेवटी ठेवावी आणि चाखल्यावर सायकलवर बसू नये. ४५ किलोमीटरनंतर शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असते आणि दोन घोटही लवकर चढतात. वाइनरीत जायचेच असेल तर शहरात परतून, अंघोळ-जेवण उरकून, भाड्याच्या गाडीने संध्याकाळी जावे. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षे आहे आणि ड्राय डेला (मद्यविक्री बंद असलेल्या दिवशी) टेस्टिंग रूममध्ये वाइन मिळत नाही, हे आधी पाहून ठेवावे. पाठीवरच्या पिशवीत बाटली घेऊन खडीवर येण्याचा प्रयोग एकाने माझ्यासमोर केला होता. पिशवीचा रंग अजून गेलेला नाही.

घरी आल्यावर सायकल पाण्याच्या बारीक धारेने धुवावी, पण धार थेट चाकाच्या आणि पेडलच्या बेअरिंगवर मारू नये. साखळीवर बसलेली मुरमाची धूळ कोरड्या फडक्याने पुसून मगच तेल घालावे. त्यानंतर दोन्ही टायर सावकाश फिरवून बोटाने चाचपावे. खोलवर गेलेले काटे चिमट्याने काढून लगेच चाक हलवावे, म्हणजे सीलंट भोकात शिरते. हवा भरून चाक रात्रभर उभे ठेवावे आणि सकाळी दाब मोजावा.