बॅकअपमधून एकच फाइल परत आणताना या चुका टाळा

संकेतस्थळावरची एखादी फाइल चुकून पुसली जाणे ही फारशी गंभीर घटना नसते. ती परत आणण्याच्या घाईत जे केले जाते, त्यानेच ती बहुधा गंभीर होते. संकेतस्थळांची देखभाल करताना माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये मूळ नुकसान एका फाइलचे आणि दुरुस्तीमुळे झालेले नुकसान त्याच्या कितीतरी पट, हा प्रकार इतक्या वेळा दिसतो की त्याबद्दल आता थोडे स्पष्टच लिहिले पाहिजे.

एका फाइलसाठी संपूर्ण बॅकअप रिस्टोअर करणे

एका शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळावरून ऐन प्रवेशाच्या दिवसांत माहितीपुस्तिकेची पीडीएफ पुसली गेली. तेथील काम पाहणाऱ्या तरुणाने सीपॅनलमध्ये (संकेतस्थळ सांभाळण्याच्या नियंत्रण-पटलात) जाऊन आदल्या रात्रीचे होम फोल्डर (संकेतस्थळाच्या फाइल) आणि डेटाबेस (नोंदींचा साठा) असे दोन्ही रिस्टोअर केले. पुस्तिका परत आली. परंतु मायएसक्यूएल या डेटाबेसच्या डंपमध्ये, म्हणजे त्याच्या बॅकअप-फाइलमध्ये, सहसा प्रत्येक टेबलच्या आधी जुने टेबल काढून टाकण्याची आज्ञा असते, त्यामुळे सकाळपासून आलेल्या सगळ्या प्रवेश-अर्जांच्या नोंदी नाहीशा झाल्या. विद्यार्थ्यांनी जोडलेल्या गुणपत्रिका मात्र जागेवर होत्या, कारण फोल्डर रिस्टोअर करताना जुन्या फाइल नव्यांवर लिहिल्या जातात, पण बॅकअपमध्ये नसलेल्या नव्या फाइल पुसल्या जात नाहीत. म्हणजे गुणपत्रिका आहेत, पण त्या कोणाच्या हे सांगणारी नोंद नाही. अखेर प्रत्येक अर्जामागे कार्यालयाला गेलेले सूचनेचे ईमेल उघडून, एकेक नाव गुणपत्रिकेशी जुळवून नोंदी हाताने भराव्या लागल्या. ज्या पुस्तिकेसाठी हे सारे घडले, तिची प्रत कार्यालयातील संगणकावर होतीच. ते विचारण्याइतका धीर कोणाला नव्हता.

माझी पद्धत साधी आहे. प्रथम आत्ता आहे त्या बिघडलेल्या स्थितीचीच एक प्रत काढायची. मग बॅकअप पब्लिक_एचटीएमएल या, ब्राउझरमधून सर्वांना उघडता येणाऱ्या फोल्डरच्या बाहेर, वेगळ्या फोल्डरात ठेवायचा. आत ठेवला तर पत्ता ओळखणारा कोणीही तो ब्राउझरमधून उतरवून घेऊ शकतो आणि त्यात डेटाबेसचा पासवर्डही असतो. त्यानंतर टार (अनेक फाइल एका फाइलीत बांधणाऱ्या आणि सोडवणाऱ्या) आज्ञेने आधी केवळ यादी पाहायची आणि हवी ती फाइल यादीत दिसतो तोच मार्ग अक्षरशः देऊन बाहेर काढायची. यादीत मार्गाच्या आरंभी टिंब आणि तिरकी रेघ असेल, तर तीही द्यावी लागते. ‘फाइल सापडत नाही’ या तक्रारींपैकी पुष्कळशा तेवढ्यानेच मिटतात. सीपॅनलच्या पूर्ण बॅकअपमध्ये संकेतस्थळाच्या फाइल ‘होमडिर’ नावाच्या फोल्डरखाली असतात, हेही नवख्यांच्या लक्षात येत नाही.

जीझिपने दाबलेली, म्हणजे आकार लहान केलेली, टार फाइल सुरुवातीपासून क्रमाने वाचावी लागते, आणि हवी ती फाइल मिळाल्यावरही टार शेवटपर्यंत वाचत राहते, कारण त्याच नावाची नवी प्रत पुढे असू शकते. मोठ्या बॅकअपला म्हणूनच वेळ लागतो. सर्व्हर अडकला आहे असे समजून मध्येच आज्ञा तोडणाऱ्यांच्या हाती कधी कधी अर्धवट फाइल येते आणि ती तशीच चालू संकेतस्थळावर चढवली जाते.

बॅकअपच्या नावातील तारखेवर विश्वास ठेवणे

पुष्कळ सर्व्हरांचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालते आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. सर्व्हरवर १४ तारखेला रात्री साडेआठ वाजता घेतलेला बॅकअप १४ तारखेच्याच नावाने जपला जातो, पण तेव्हा आपल्याकडे १५ तारखेचे पहाटेचे दोन वाजलेले असतात. १४ तारखेच्या संध्याकाळी पुसलेली फाइल त्या बॅकअपमध्ये असणार नाही. ती १३ तारखेच्या नावाखाली शोधावी लागेल. शिवाय सात दिवसांचेच बॅकअप ठेवण्याची व्यवस्था असेल, तर विचार करण्यात दिवस गेल्यावर नेमकी चांगली प्रत गळून पडते. म्हणून कोणताही शोध सुरू करण्यापूर्वी सर्वांत जुनी प्रत आधी बाजूला उतरवून ठेवावी.

फाइल आली, पण मालकी चुकली

रूट म्हणून, म्हणजे सर्व्हरचे सर्व अधिकार असलेल्या खात्यातून, टार उघडले की मूळ मालकी (फाइल कोणत्या खात्याची आहे ही नोंद) टिकते. रूट म्हणूनच साधी कॉपी केली, तर नवी फाइल रूटच्या नावावर होते आणि परवानग्या कडक असल्यास ब्राउझरमध्ये ४०३ (प्रवेश नाकारल्याची त्रुटी) दिसते. यावर ७७७ परवानगी (कोणालाही वाचण्याची, बदलण्याची आणि चालवण्याची मुभा) देणे हा उपाय इतका लोकप्रिय का आहे, हे मला कधीच समजलेले नाही. कुलूप उघडत नाही म्हणून दारच उतरवून ठेवण्यासारखे ते आहे. काही सर्व्हर तर अशी पीएचपी फाइल (सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम) चालवण्यासच नकार देतात आणि ४०३ च्या जागी ५०० ची, म्हणजे सर्व्हरमधील बिघाडाची, त्रुटी येते. शेजारची, व्यवस्थित चालणारी फाइल पाहावी आणि तिचीच मालकी व परवानगी द्यावी. सामान्यतः फाइलला ६४४ आणि फोल्डरला ७५५ पुरते. दोन्हींत बदल फक्त मालकच करू शकतो.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. एक फोल्डर आणण्यासाठी आरसिंक ही फोल्डर जुळवणारी आज्ञा वापरताना ‘डिलीट’ पर्याय लावू नये, कारण बॅकअपमध्ये नसलेल्या नव्या फाइल तो पुसतो. वर्डप्रेस या संकेतस्थळ-प्रणालीच्या अपलोड्स फोल्डरात चित्र परत ठेवले तरी डेटाबेसमधील नोंद गेलेली असल्यास ते मीडिया लायब्ररीत दिसत नाही. आणि चित्राच्या लहान आकाराच्या प्रतीही सोबत आणाव्या लागतात. बॅकअप विंडोजवर उघडू नये, कारण केवळ लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असलेल्या दोन नावांपैकी एक तेथे दुसऱ्यावर चढते. संकेतस्थळ हॅक झाले असेल, तर घुसखोरीच्या आधीची प्रतच घ्यावी. आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत, हे आज्ञा देण्यापूर्वी वाचावे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या, प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरील डेटाबेसचे फोल्डर पुसण्याची आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली होती, आणि तो अभियंता नवखा नव्हता.

काम झाल्यावर पानावर जुनेच काही दिसत असेल, तर पुन्हा रिस्टोअर करण्यापूर्वी कॅशे (पानाची साठवलेली जुनी प्रत) रिकामा करून पाहावा. बाजूला उघडलेला बॅकअप आणि सुरुवातीला काढलेली प्रत मी आठवडाभर ठेवतो आणि नंतर पुसतो, कारण जुने पासवर्ड असलेल्या फाइल सर्व्हरवर विसरून राहणे हीही एक चूकच आहे.