टेंट आधी गच्चीवर लावा

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी रात्री हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्यापासून थोडं मागे, आम्ही चौघं टेंटच्या चार कोपऱ्यांवर बसून होतो. उठलो असतो तर टेंट उडाला असता. दरीतून वर येणारा वारा पाऊस आडवा मारत होता. टॉर्च होता, पण सॅकच्या तळाशी, स्लीपिंग बॅगेखाली. रेनकोटही तिथेच. यादीवर टिकमार्क करून आणलेलं सगळं सोबत होतं आणि हाताला काहीच लागत नव्हतं. शेवटी सगळं गुंडाळून देवळाजवळची गुहा गाठली. त्यानंतर आमची तयारीची पद्धत बदलली, ती अशी.

१. टेंट घरी लावून बघा. भाड्याचा असेल तर आदल्या दिवशीच आणा. गच्चीवर एकदा उजेडात लावा, एकदा अंधारात. पोल जोडून बघा, चेन दोन-तीनदा ओढा, खुंट्या मोजा. आम्हाला दहा हव्या होत्या, पिशवीतून निघाल्या सहा, आणि हे कळलं ते गडावर.

गच्चीवर खुंटी ठोकता येत नाही, ही उलट सोयच. सह्याद्रीच्या कातळातही ती जात नाही. तेव्हा कुंड्या आणि विटा घेऊन दगडाला ताण द्यायची सवय इथेच करा. दोरी आधी नारळाएवढ्या दगडाला बांधायची. मग त्या दगडाच्या पुढ्यात, टेंटच्या बाजूला, दोरीवरच दुसरा मोठा दगड ठेवायचा. वाऱ्याने दोरी खेचली की धाकटा दगड थोरल्याला जाऊन भिडतो आणि तिथेच अडकतो. एकाच मोठ्या दगडाला नुसती दोरी गुंडाळली तर ती तासाभरात सरकते किंवा धारेवर घासून तुटते. दहा-बारा मीटर जादा दोरी जवळ ठेवा.

२. सॅक उलट्या क्रमाने भरा. जे सर्वांत आधी लागणार ते सर्वांत शेवटी आत जाईल. रेनकोट आणि टॉर्च वरच्या कप्प्यात, त्याखाली टेंट. झोपायचे कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून. सॅकच्या रेनकव्हरवर फार भरवसा नको, पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच. सॅकमध्ये आधी एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि सामान तिच्यात भरा. जीन्स घरी राहू द्या. भिजली की ती वाळत नाही, अंगातली ऊब मात्र खेचून घेते.

३. जागा उजेडात निवडा. कड्याच्या काठावरून सूर्यास्त बघायचा, मुक्काम मागे करायचा. गवत एकाच दिशेला झोपलेलं दिसलं तर तिथून पाणी वाहून गेलंय असं समजा. टेंटखाली अंथरलेलं प्लास्टिक बाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर पावसाचं पाणी थेट तुमच्या पाठीखाली जमतं.

परतीच्या पावसात दुपारनंतर ढग भरून यायला लागले तर पायथ्याच्या पाचनई गावातच कुणाच्या घरी मुक्काम करा, पिठलं-भाकरीही मिळते. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागा, म्हणजे अंतर किलोमीटरमध्ये कळतं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर धोका जवळ आहे. टेंट विजेपासून वाचवत नाही.

४. थंडीला हलक्यात घेऊ नका. गड सुमारे १,४०० मीटर उंच. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश धरले तर समुद्रसपाटीपेक्षा नऊएक अंश कमी, वर वारा आणि ओले कपडे. कुणाची जीभ अडखळायला लागली, साधी गाठ सुटेना, तर चेष्टा करू नका. ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, स्लीपिंग बॅगेत घाला, गोड चहा द्या. दारू अजिबात नको. स्टोव्ह मात्र बंद टेंटमध्ये पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेकोटीचा बेत तर घरीच सोडा. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे.

५. घरी एक कागद ठेवा. कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या गावातून उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं. आईला ‘काळजी करू नकोस’ म्हणण्यापेक्षा हे बरं. रेंज नसलेल्या जागी मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर नेटवर्क शोधण्यातच बॅटरी संपते.

त्या चार खुंट्या दुसऱ्या दिवशी सापडल्या. टेंटची घडी घालून पिशवीत कोंबताना हाताला काही टोचलं. पिशवीच्या आत, तळाशी, शिवलेला एक छोटा खिसा होता.