साहित्यकृतीवरचा निबंध पुन्हा लिहिताना या चुका टाळा

निबंध ‘सुधारून आणा’ म्हणून परत दिला की बहुतेक मुलं चार दिवसांनी तोच निबंध स्वच्छ करून आणतात. ऱ्हस्व-दीर्घ नीट झालेलं असतं, ‘सुंदर’च्या जागी ‘भावोत्कट’ आलेलं असतं, समास सोडलेला असतो. मुद्दा मात्र होता तिथेच. नाशिकच्या महाविद्यालयांतल्या मुलांचे मराठीचे निबंध वाचताना दरवर्षी त्याच त्या चुका समोर येतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते आहे.

शुद्धलेखनापासून सुरुवात

जो परिच्छेद उद्या काढून टाकायचा आहे, त्यातल्या वेलांट्या तपासण्यात आजची संध्याकाळ घालवू नका. शुद्धलेखन महत्त्वाचं आहेच, पण ते शेवटी.

कथानक सांगणं म्हणजे विश्लेषण नव्हे

ही सगळ्यात जुनी चूक. निबंध कवितेच्या मागे मागे चालतो: आधी असं होतं, मग तो असं म्हणतो, शेवटी असा संदेश मिळतो. ज्याने कविता वाचली आहे त्याला यातून काय मिळालं?

माझी सवय सांगते. निबंधाची छापील प्रत घ्यायची आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात पेन्सिलीने एक ओळ लिहायची: हा परिच्छेद काय सिद्ध करतो? त्या ओळीत ‘मग’ आलं, तर तो परिच्छेद गोष्ट सांगतो आहे. मग नुसत्या समासातल्या ओळी वरून खाली वाचायच्या. दोन परिच्छेदांची अदलाबदल केली तरी काही बिघडत नसेल, तर निबंधात युक्तिवाद नाही, नुसती यादी आहे. ‘तसेच’, ‘शिवाय’, ‘त्याचप्रमाणे’ यांवर चालणारे निबंध इथेच सापडतात. ‘म्हणून’ आणि ‘पण’ लिहायची पाळी आली की विचार करावाच लागतो.

न पटणारी ओळ लपवणं

या चुकीवर मी जास्त बोलणार आहे, कारण हुशार मुलंही ती करतात.

आपल्याकडे कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता हमखास निवडली जाते: पुरात घर गेलेला एक माणूस आपल्या जुन्या सरांना भेटायला येतो. पाठ असते, घरची वाटते, आणि म्हणूनच ती नीट वाचली जात नाही. पंचवटीत राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने तिच्यावर निबंध लिहिला होता. तिचं म्हणणं असं, की कवितेतला माणूस स्वाभिमानी आहे, तो कुणापुढे हात पसरत नाही. पुरावा म्हणून एकच जागा: सरांचा हात खिशाकडे जातो आणि तो ‘पैसे नकोत’ म्हणत उठतो. त्यापुढे दीड पान नाशिकचा 2019 चा पूर. गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी, बुडालेला दुतोंड्या मारुती, सराफ बाजारातली धावपळ. वर्णन जिवंत होतं, पण त्यातून कवितेबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं. आणि कवितेची शेवटची ओळ, ‘पाठीवरती हात ठेवून फक्त लढ म्हणा’, निबंधात कुठेच नव्हती.

मी विचारलं, “शेवटची ओळ कुठे गेली?”

“ती बसत नव्हती, मॅडम. तिथे तो सरांकडे काहीतरी मागतोच आहे ना.”

म्हणजे तिला दिसलं होतं. वाचक म्हणून तिने सगळ्यात मोलाची गोष्ट पाहिली होती आणि लिहिताना तीच बाजूला सारली होती. मी तिला एवढंच सांगितलं, “ती ओळ निबंधाच्या मधोमध आण आणि तिला उत्तर दे. सध्या बाकीचं राहू दे.”

तिला आठवडा लागला, पण परत आला तो वेगळाच निबंध होता. हा माणूस पुराला पाहुणी म्हणतो, माहेरवाशिणीसारखी नाचली म्हणतो. म्हणजे घर गेलं तरी यजमानपण सोडत नाही. सरांचा हात खिशाकडे गेला की तो पूरग्रस्त ठरतो. तोच हात पाठीवर पडला तर पुन्हा त्यांचा विद्यार्थी होतो. म्हणून एक घेणं तो नाकारतो आणि दुसरं मागून घेतो. मग तिचं लक्ष गेलं ते सरांकडे: पूर्ण कवितेत ते एक शब्दही बोलत नाहीत. ‘ओळखलंत का’ या पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळत नाही. दिसते ती फक्त खिशाकडे जाणारी हालचाल. शेवटची मागणी त्या पहिल्या प्रश्नाशी जोडलेली आहे, हे तिचं नवं विधान. ‘स्वाभिमानी माणसाची कविता’ हे कुणीही म्हणेल. हे विधान मात्र सिद्ध करावं लागतं, त्याच्याशी भांडताही येतं.

आणि पुराचं दीड पान? त्यातली दोन वाक्यं राहिली. नाशिककर गोदावरीला सहज गंगा म्हणतात, त्यामुळे ‘गंगामाई’ हा शब्द इथल्या कानाला अलंकार न वाटता रोजच्या बोलण्यातला वाटतो, एवढंच. कविता कोणत्या गावचा पूर ते सांगत नाही, म्हणून ‘हा नाशिकचाच पूर’ असा दावा तिने केला नाही. हा संयम मला फार आवडला.

तेव्हा दुरुस्तीला बसलात की आधी साहित्यकृतीत अशी जागा शोधा, जी तुमच्या म्हणण्याला विरोध करते. अशी जागा सापडतच नसेल तर विधान बहुधा इतकं ढोबळ आहे की त्यात काहीही बसेल. ‘कवितेतून आशावाद दिसतो’ हे तसलं विधान आहे.

बाकीच्या, थोडक्यात

कवीचं चरित्र. 1912 साली जन्म, 1987 चा ज्ञानपीठ, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. सगळं खरं, पण कवितेतली एखादी ओळ त्याने उलगडत नसेल तर काढा. तात्यासाहेबांविषयी, म्हणजे कुसुमाग्रजांविषयी, या शहरात माया आहे, ती असावीच. पण निबंधात आदर हा पुरावा होत नाही.

समीक्षकांच्या अवतरणांची माळ. अवतरणानंतर तुमचं किमान एक वाक्य हवं: पटलं का, कुठे पटलं नाही.

फॉरवर्डमधून उचललेल्या ओळी. शब्द बदललेले असतात, कधी कवीही. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून या गावात आहे. तिथे जाऊन पुस्तक उघडा.

सिनेमा पाहून नाटकावर लिहिणं. ‘नटसम्राट’ हे 1970 साली रंगमंचावर आलेलं नाटक आणि 2016 चा चित्रपट या दोन वेगळ्या कलाकृती आहेत. वाचणाऱ्याला दुसऱ्या पानावर कळतं.

‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘काळजाला भिडणारे’. सगळी खोडा. खोडल्यावर वाक्यात काही उरलं नाही, तर तिथे मुळात काही म्हटलेलंच नव्हतं.

गाईडमधून किंवा चॅटबॉटकडून निबंध ‘नीट करून घेणं’. याबाबत माझं मत कडक आहे. भाषा गुळगुळीत होते आणि जिथे तुम्ही अडखळला होता ती जागा बुजते. त्याच जागी तुमचा मुद्दा असतो.

जुनी प्रस्तावना तशीच ठेवणं

लिहिता लिहिता विचार पुढे जातो आणि खरं विधान बऱ्याचदा शेवटच्या परिच्छेदात सापडतं. तो परिच्छेद उचलून वर ठेवा, जुनी प्रस्तावना काढून टाका, आणि मग मधला प्रत्येक परिच्छेद या नव्या विधानासाठी पुन्हा तपासा. निम्मे टिकणार नाहीत. या कामाला निदान दोन मोकळे दिवस लागतात, त्यामुळे सादर करायच्या आदल्या रात्री बाराला फाइल पाठवून “सकाळपर्यंत बघाल का, मॅडम?” असं विचारू नका. त्या वेळी मी फार तर वेलांट्या तपासून देऊ शकते.